रतनसिंग यांनी गाडी सोडण्याबाबत

मी मराठीचा मास्तर आहे. आमच्याच तांड्यावरच्या शाळेत चौदा वर्षं लेकरांना वाक्यं दुरुस्त करायला शिकवतो. आणि माझ्याच एका वाक्यानं सगळ्या तांड्याला दोन महिने जिवावर उदार होऊन फिरावं लागलं, असं लोक म्हणतात. म्हणू द्या. त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

गोष्ट माझ्या बापाची आहे. आम्ही त्याला बा म्हणतो. नाव रतनसिंग, वय अठ्ठ्याहत्तर. तीस वर्षं त्यानं गोरेगाव ते सेनगाव काळीपिवळी जीप चालवली. परवाना संपून सहा वर्षं झाली. जीपचा काळा रंग उडाला, मग पिवळाही उडाला. तरी बा रोज सकाळी ती पुसायचा, याडीला, म्हणजे माझ्या आईला, मागच्या शीटवर बसवायचा आणि पाच किलोमीटरवर गोरेगावला जाऊन यायचा. काम काही नसायचं. दोघं चहा प्यायचे आणि परत यायचे.

त्याची नजर चालली आहे, हे आम्हाला हळूहळू कळत गेलं. आधी त्यानं थावरा नाईकाच्या म्हशीजवळ गाडी थांबवून तिला गोरेगावचं शीट आहे का, असं विचारलं. याडी म्हणाली, मस्करी केली असेल. मग पुनमचंद दुकानदारानं रस्त्याच्या कडेला शिजवलेली हळद वाळत घातली होती, तिच्यावरून जीप जाताना गेली आणि येतानाही गेली. चाकं इतकी पिवळी झाली की गोरेगावात लोक नवरदेव कुठं आहे विचारत होते. मी बाला म्हटलं, हिंगोलीला जाऊ, डोळे दाखवू. तो म्हणाला, डोळे काही तक्रार करून नाही राहिले, मग आपण काहून त्यांची चौकशी करावी.

मी किल्ली लपवली. पण त्या जीपला किल्ली म्हणजे नुसती शोभा, ती चमच्याच्या दांड्यानं चालू होते. मी बॅटरी काढली. बानं गाडी उतारावर लावायला सुरुवात केली आणि तांडा तर सगळा उतारावरच आहे. रागानं मी एकदा चाकातली हवा सोडली, तर त्यानं माझ्याच शाळेतल्या चार पोरांकडून पंपानं ती भरून घेतली आणि त्यांना गोरेगावहून शेव आणली.

मग जानेवारीतला तो दिवस आला. मी वर्गात क्रियापदं शिकवत होतो. बाहेर पहिलीची लेकरं अंगणात ओळीनं पाट्या घेऊन बसली होती आणि नेहमीसारखा गोंगाट करत होती. त्या दिवशी बाला निघायला उशीर झाला होता, आणि त्या गोंगाटात जीप शिरली. शाळेला फाटक नाही. बानं ऐटीत वळण घेतलं, व्हरांड्यापाशी ब्रेक दाबला आणि मागं वळून याडीला सांगितलं की गोरेगाव आलं, उतर. लेकरांचा आवाज ऐकून त्याला जीपचा थांबा वाटला होता.

पुढचं चाक ओळीतल्या शेवटच्या पोराच्या पाटीला टेकलं होतं. ते पोरगं उठलं, पाटी घेऊन दोन हात बाजूला सरकलं आणि पुन्हा अ लिहायला लागलं. मी लेकरं तीन वेळा मोजली. सगळी होती. तरी दिवसभर मी ती पुन्हा पुन्हा मोजत राहिलो.

मला माझ्या बापाच्या हातून कोणाचं लेकरू जायला नको होतं, आणि माझा बापही जायला नको होता. एवढंच मागणं होतं. पण त्याला तोंडावर सांगायची माझी छाती होत नव्हती. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी बाला एकदाही 'नको' म्हटलेलं नाही. जेवताना त्यानं माझ्या ताटात आणखी भाकरी टाकली तरी मी गुपचूप खातो. म्हणून मी भेकडासारखा थावरा नाईकाकडे गेलो.

तांड्यात नाईकाचा शब्द शेवटचा. संध्याकाळी देवळापुढच्या ओट्यावर बैठक बसली. ज्याचा मामला असतो त्यानं बैठकीत बसायचं नाही, निकाल वहीत चढला की येऊन फक्त ऐकायचा, अशी आमची रीत आहे. बोलणं सगळं गोरमाटीत झालं, आमच्या घरच्या बोलीत. रतनसिंगनं गाडी चालवणं बंद करावं, असं नाईक गोरमाटीत बोलला आणि त्यात काडीचा घोळ नव्हता. पण आमची वही पहिल्यापासून मराठीत असते. आणि मराठी म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात.

मी लिहिलं: 'तांड्यातील सर्वांच्या जिवाचा विचार करून असे ठरले की, रतनसिंग यांनी उद्या सकाळी सात वाजल्यापासून गाडी सोडावी. यात एक दिवसही खंड पडू नये. पडल्यास एक बोकड दंड.' सातची वेळ मी मुद्दाम घातली, कारण बा सातलाच निघायचा. खंडाचं वाक्य तर मला इतकं आवडलं की मी ते दोनदा गिरवलं.

बाला बोलावलं. मी वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा वाचायला लावलं. एक दिवसबी खंड नको का, असं विचारलं. नको, मी म्हटलं. बा बराबर आहे म्हणाला आणि सगळ्यांना रामराम करून घरी गेला. त्या रात्री मी किती तरी दिवसांनी गाढ झोपलो.

सकाळी सातला हॉर्न वाजला. मी टॉवेलवरच बाहेर पळालो. बानं धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला तांबडं पागोटं बांधलं होतं, आणि जीपमध्ये बसून तो तीस वर्षांपूर्वीच्या आवाजात ओरडत होता, गोरेगाव, गोरेगाव, गोरेगाव. मागं याडी बसली होती. आजूबाजूला अर्धा तांडा राखुंडी तोंडात धरून उभा होता.

"बा, हे काय करून राहिला?" मी म्हटलं.

"गाडी सोडून राहिलो. सात वाजले."

"गाडी सोडायची म्हणजे चालवायची न्हाई."

"मंग सेनगावला यष्टी गाडी सोडती, ती काय चालवत न्हाई?"

पुनमचंदच्या तोंडातली राखुंडी उडाली. मी बाला अर्थ समजावू लागलो, तर तो शांतपणे म्हणाला की लिहिणारा तू, वाचणारा तू, वेळ तू घातली, बोकड तू घातलं, आता माझा एक दिवस चुकला तर ते बोकड काय तुझ्या पगारातून आणू? आणि गिअर टाकून तो निघाला.

मी वही घेऊन तडक नाईकाकडे गेलो. त्यानं मला वाक्य वाचायला लावलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला की मास्तर, ह्यात तर तसंच लिवलं हाय. मी म्हटलं, खोडून दुसरं लिहितो. नाईक एकदम सावध झाला. वहीत चढलेलं एक खोडलं की मागचं सगळं लोक खोडायला लावतील, बांधाचे निकाल आहेत, सोयरिकीचे आहेत, सगळा तांडा उकरून निघेल, असं त्यानं मला बराच वेळ समजावलं. शेवटी खालच्या आवाजात विचारलं की पुढचं शीट रिकामं असतं का. त्याचा गुडघा दुखतो आणि तांड्यावर एसटी येत नाही.

बाला खरंच तसा अर्थ लागला की त्यानं लावून घेतला, हे मला तेव्हा कळलं नाही. विचारायची सोय नव्हती.

पहिल्या दिवशी याडी एकटी होती. दुसऱ्या दिवशी नाईक पुढं बसला. नाईक बसला म्हटल्यावर पुनमचंद बसला, आणि आठवड्याभरात गाडी अशी भरायला लागली की लोक मागं लटकून जाऊ लागले. बाला नीट दिसत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण गोरेगावला पायी जाण्यापेक्षा लोकांना ते माहीत नसलेलं बरं वाटत होतं. नजर गेली म्हणून काय झालं, हात तर शाबूत आहे ना, असं जो तो एकमेकांना सांगायचा. निघताना मात्र सगळे डोळे गच्च मिटायचे. चालवणाऱ्याला दिसत नव्हतं आणि बसणाऱ्यांना पाहवत नव्हतं, त्यामुळे उघड्या डोळ्यांचं त्या गाडीत कोणीच नसायचं.

दहा दिवसांनी नाईकानं खबरदारी म्हणून एक नियम काढला. एका घरातलं एका वेळी एकच माणूस गाडीत बसेल. म्हणजे झालंच काही बरंवाईट, तर कोणाचं घर एकदम ओस पडायला नको. सगळ्यांना हा नियम फार शहाणपणाचा वाटला. माझी बायको शिला म्हणाली, एवढं डोकं आहे तर गाडीतच कशाला बसता. तिला उत्तर द्यायला कोणी थांबलं नाही, सात वाजत आले होते.

आमच्या घरची जागा याडीनं धरलेली. म्हणून मला बसता येत नव्हतं. मी रोज सातला दारात उभा राहायचो आणि नऊला गाडी परत दिसेपर्यंत माझं शाळेत लक्ष लागायचं नाही. लेकरं पाढे चुकायची आणि मी बराबर म्हणायचो. एवढे दिवस झाले, तरी जीप ना कशाला धडकली, ना रस्ता चुकली. मला तर त्याचीच जास्त भीती वाटायला लागली. शेवटी मी याडीला म्हटलं, उद्या तू राहा, मी बसतो.

ती लगेच हो म्हणाली. गाडीत चढताना तिनं माझा हात धरला आणि कानाशी येऊन सांगितलं, "त्याच्याशी बोलू नको. तो मोजत असतो."

मी बाच्या मागं बसलो आणि डोळे उघडे ठेवले. जीप उतारावरून निघाली, पहिल्या खड्ड्यात आदळली आणि बा पुटपुटला, थावराचा दात. त्या खड्ड्यात कधीतरी नाईकाचा दात पडला होता. मग बा मोजायला लागला. वीस झाल्यावर त्यानं डावीकडं घेतलं. दण्णकन दुसरा खड्डा. रेडकू, बा म्हणाला आणि पंधरा मोजले. मग भागवतचं लगीन, तिथं वऱ्हाडाचा टेम्पो उलटला होता. मग पावण्याची टोपी. अशी सगळ्या रस्त्याची त्याच्या बुडाला ओळख होती. मग विहिरीचं वळण आलं. त्या विहिरीला कठडा नाही, रस्त्याला लागूनच आहे. जीप सरळ विहिरीकडे निघाली, तेवढ्यात खड्डा लागला. बा म्हणाला, बरणी. पुनमचंदची लोणच्याची बरणी तिथं फुटली होती. आणि त्यानं उजवीकडं घेतलं. विहीर आमच्या डाव्या चाकापासून वीतभर राहिली.

सरळ रस्ता लागल्यावर मी हात पुढं करून बाच्या डोळ्यांसमोर धरला. अगदी समोर. त्याची पापणी हलली नाही. धूसर वगैरे काही नव्हतं. त्याला काहीच दिसत नव्हतं.

तेव्हाच मला शाळेतलं कोडं उलगडलं. जीप शाळेत शिरली त्याच्या आदल्या दिवशी मी लेकरांकडून शाळेपुढचा खड्डा मुरूम टाकून बुजवून घेतला होता. श्रमदान म्हणून फोटोही काढला होता. त्या बुजलेल्या खड्ड्यानंच बा शाळेत शिरला होता.

घरी आल्यावर मी याडीला विचारलं, तुला माहीत होतं? ती चुलीपुढं बसून भाकरी थापत राहिली. म्हणाली की दोन वर्षं झाली. मग तू रोज बसतेस कशी, मी ओरडलोच. ती म्हणाली, एकटा जाऊन कुठं पडला असता तर मला कोण सांगणार होतं? मला तिचा इतका राग आला आणि इतकं रडू आलं की मी उठून गोठ्यात गेलो.

तिथं म्हशीपुढं उभा राहून मी ठरवलं. एक खड्डा बुजला तर माणूस चुकतो. सगळेच बुजले तर माणूस थांबेल. बाला मी नको म्हणू शकत नव्हतो, पण रस्ता म्हणू शकत होता. मी त्याच दुपारी अर्ज लिहिला, विषय: तांडा ते गोरेगाव रस्त्यावरील खड्डे बुजवून डांबरीकरण करण्याबाबत. या वेळी प्रत्येक क्रियापद चार-चार वेळा तपासलं. कोणालाही न सांगता सेनगावला बांधकाम खात्याच्या कचेरीत अर्ज देऊन आलो.

मला वाटलं, दोन-तीन वर्षं लागतील. तेवढ्यात काहीतरी सुचेल. पण कोणत्या तरी दुसऱ्या रस्त्यासाठी आणलेलं डांबर त्या रस्त्याच्या भांडणात अडकलं होतं, आणि ते कुठं तरी ओतणं भाग होतं. अकराव्या दिवशी तांड्यावर रोलर आला.

तांड्यात हाहाकार झाला. खड्ड्यांचं गुपित एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, मीच नाईकाला सांगून बसलो होतो. रस्ता झाला तर गाडी बंद, हे लेकरांनाही समजत होतं. नाईक स्वतः रोलरपुढं खाट टाकून बसला. बायका विहिरीच्या वळणावर जाऊन बरणीच्या खड्ड्याभोवती बसल्या. आणि मग ठरलं की बांधकामच्या साहेबांना अर्ज द्यायचा, खड्डे बुजवू नयेत ही विनंती. अर्ज म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोही लिहिला. चांगला लिहिला. सदर खड्डे ग्रामस्थांच्या दळणवळणाचा आधार आहेत, असं त्यात एक वाक्य होतं.

साहेब आले, त्यांनी तो अर्ज वाचला, फाईलमधून पहिला काढला आणि दोन्ही शेजारी धरले. एकच अक्षर. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी रोलरकडे पाहिलं. बिचाऱ्यानं काही विचारलं नाही. नोकरीत सगळं पाहिलं, पण खड्डे राखायचा अर्ज पाहिला नव्हता, एवढंच म्हणाले. डांबर आलेलं आहे, ते परत नेता येत नाही, म्हणून रस्ता होणार असं सांगून ते निघून गेले.

बाला या सगळ्याचं काही वाटलं नाही. रोलरचा आवाज त्याला ऐकू येत होता, डांबराचा वास येत होता. तो म्हणाला की आजवर किती रस्ते झाले, खड्डे कधी गेले काय? वरून पापुद्रा टाकतील, खालचं जिथल्या तिथं राहील. चार दिवस काम चाललं. तेवढ्यातही त्यानं खंड पडू दिला नाही. सातला शीटं भरायची, जीप उतारावरून वीस पावलं जायची, सगळे ढकलत ती मागं आणायचे आणि उतरून घरी जायचे. बोकड वाचलं.

पण आमचं नशीब बघा, ठेकेदार प्रामाणिक निघाला. त्यानं खडी खोल टाकली, दाबून घेतली, वरून डांबर असं बसवलं की त्यावर पीठ मळावं. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी त्या रस्त्यावर अनवाणी चालून पाहिलं. थावराचा दात कुठं होता, मलाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सातला निम्म्या तांड्याला ताप आला होता. गाडीत पुढं नाईक बसला, कारण निकाल त्याचा होता. मागं याडी आणि पुनमचंद. मी याडीला उतर म्हटलं. ती नाही म्हणाली. मग मीही चढलो. एका घरातले तिघं होत होते, पण नाईक काही बोलला नाही. दारात शिला पदर तोंडाला लावून उभी होती. मी बाच्या अगदी मागं बसलो आणि हँडब्रेकचा दांडा हाताला येतो का ते पाहून घेतलं. विहीर येण्याआधी तो ओढायचा, एवढं मी ठरवलं होतं.

जीप निघाली. गुळगुळीत, आवाज न करता. पुनमचंद म्हणाला, वा, आणि लगेच गप्प बसला. बा मोजायला लागला. पाच, दहा, पंधरा. त्याचे ओठ हलत होते. वीस झाले, बावीस झाले. त्यानं चाक जरा डावीकडं नेलं, खड्डा शोधत, मग उजवीकडं. तिथंही काही नव्हतं. त्यानं वेग कमी केला. त्याच्या मानेवर घाम आला होता. जीप चालणाऱ्या माणसापेक्षा हळू झाली आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. मी हँडब्रेकला हातही लावला नव्हता.

बानं इंजिन बंद केलं. तो खाली उतरला, चप्पल काढली आणि पायानं रस्ता चाचपला. पुढं, मागं, बाजूला. सगळीकडं सारखंच लागत होतं. मग तो जिथं होता तिथंच उभा राहिला आणि आम्ही कुठल्या बाजूला आहोत ते न कळून भलतीकडंच तोंड करून म्हणाला, "आपण कुठं हाव?"

आम्ही आमच्या घरापासून शंभर पावलांवर होतो. शिला दारात दिसत होती, तिच्यामागं दोरीवर वाळत घातलेलं बाचंच धोतर दिसत होतं. नाईकानं मान खाली घातली. पुनमचंदला खोकला आला. याडी जागची हलली नाही.

मी उतरलो. "घराजवळच हाव, बा," मी म्हटलं.

"मला तर काहीच लागून न्हाई राहिलं." तो म्हणाला. "रस्ता कोणी केला हा?"

ठेकेदाराचं नाव सांगता आलं असतं. सरकारनं केला म्हणता आलं असतं, ते खोटंही नव्हतं. पण तो असा पाठमोरा उभा होता आणि मला माझ्या लपवाछपवीची किळस आली.

"म्या केला. म्या अर्ज दिला व्हता. तू थांबावं म्हणून. मला भ्याव वाटत व्हतं, बा, रोज."

बानं तोंड माझ्या आवाजाकडं वळवलं. मला वाटलं आता तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं हात उंच केला आणि जीपची कड चाचपून धरली.

"मलाबी वाटत व्हतं," तो म्हणाला.

मग उभ्या उभ्या त्यानं सांगितलं की दोन वर्षांपूर्वीच तो याडीला घेऊन हिंगोलीला डोळे दाखवून आला होता. डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू आहे, फार उशीर झाला, गेलेली नजर येत नाही. वहीतला निकालही त्याला त्याच दिवशी पुरता समजला होता, गोरमाटीत आणि मराठीतही. पण दुसरा अर्थ निघत होता, तेव्हा त्यानं तो धरला. "थांबलो असतो रे म्या," तो म्हणाला, "पण थांबल्यावर मला कुठं बसवणार व्हता तुमी? खाटंवर? तिथं बसून म्या काय करू?"

याचं उत्तर अर्जात लिहिण्यासारखं नव्हतं.

जीप रस्त्याच्या मधोमध होती आणि ती हलवणं भाग होतं. पण आमच्यात कोणालाच चालवता येत नव्हती, कारण बानं तीस वर्षांत कोणाला चाकाला हात लावू दिला नव्हता. मला पण नाही. शेवटी ढकलत न्यायचं ठरलं. ताप आलेले सगळे लोक बरे होऊन धावत आले. चाकावर कोण बसणार, तर नाईक, कारण गुडघ्यामुळं त्याला ढकलता येत नव्हतं. मी बाला धरून मागच्या शीटवर बसवायला नेलं. त्याला आपल्याच गाडीत मागनं चढता येईना. डोकं लागलं, पाय अडकला, धोतर खिळ्याला लागलं. याडी सरकली आणि तिनं शेजारी जागा केली.

गाडी उलटी, चढावरून, घराकडं निघाली. नाईक चाक जोरजोरात फिरवत होता आणि जीप सापासारखी जात होती. मी बाच्या बाजूनं ढकलत होतो. बा दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून बसला होता आणि दर थोड्या वेळानं विचारत होता की कुठं आलो. मी सांगत होतो. आता पुनमचंदचं दुकान. आता देवळाचा ओटा. शाळेची भिंत आली, लेकरं भिंतीवर चढून बघून राहिली. शिला उभी हाय दारात. सांगता सांगता मला दम लागत होता, पण मी थांबलो नाही. जीप एकदा उकिरड्यात गेली, तेही मी सांगितलं.

दारासमोर गाडी थांबली. लोक घाम पुसत आपापल्या घरी गेले. नाईक चाक सोडायला तयार नव्हता, त्याला पुनमचंदनं उतरवलं. याडी उतरली. बा एकटाच मागं बसून राहिला.

"घर आलं, बा," मी म्हटलं. "उतर."

"म्होरं काय हाय?"

"काही न्हाई. सपाट हाय."

तो नेहमी उतरताना आधी पायाच्या अंगठ्यानं जमीन शोधायचा, मग भार टाकायचा. आता त्यानं दांडा सोडला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"तू सांगून राहिला म्हणून उतरतो," तो म्हणाला. आणि न चाचपता, सरळ, त्यानं पाय बाहेर टाकला.